जामदारांच्या अकरा लिंकांची कैफियत

श्रीगोमती समर्थ. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सर, चैत्रमासी, मुक्काम लखनौ येथे जे वर्तमान घडले ते जसे घडले तसे, पदरचे काही न घालता आणि कोणाची भीड न धरता, येथे लिहिले आहे. ज्यांस यांत आपले नाव मोठे दिसावे ऐसी उमेद असेल त्यांनी हे पान उलटून पुढे जावे. कारण की या मोहिमेत थोर थोर मनसबदार उतरले, त्यांनी दोन दिवस खलबते केली, हुकूम सोडले, कुमक मागविली, आणि काम अवघे एका आकड्याचे होते हे एकासही दिसले नाही. न दिसावे ऐसे कारण काहीच नव्हते. सर्वांस डोळे होते.

मानक नगर येथे रेल्वेच्या संशोधनाचे मोठे ठाणे आहे. तेथील अधिकाऱ्यांच्या वसाहतीत रमाकांतराव जामदार नामे इंजिनियर, मूळचे मिरजेचे, हुद्दा उपसंचालक, पंचवीस वर्षे तळ देऊन होते. गाडी पुलावरून गेली असता रूळ किती थरथरतो या विद्येत ते खरेच जाणते होते. त्याविषयी तक्रार नाही. परंतु मनुष्यास जे येते त्यावर त्याचे समाधान राहत नाही. रमाकांतरावांस आपण संगणकविद्येत अजिंक्य आहो ऐसे वाटत असे, आणि तसे वाटावयास आधार इतकाच की वसाहतीत कोणाचा प्रिंटर अडला म्हणजे खाशांची स्वारी जाई, कळ बंद करी, कळ पुन्हा चालू करी, आणि प्रिंटर चालू होई. ऐसे सात प्रिंटर त्यांनी काबीज केले होते आणि त्या सातांची हकीकत ते गोमतीतीर मराठी समाजाच्या प्रत्येक बैठकीत, कोणी विचारो वा न विचारो, सांगत असत.

आता निशातगंजाकडील वर्तमान. तेथे मृणाल वैशंपायन नामे वनस्पतिशास्त्राच्या जाणत्या बाई राहत. त्यांची कन्या सावनी, वय चोवीस. चौथे वर्षी मोठा ताप येऊन तिची दृष्टी गेली होती. तिने मुक्त विद्यापीठात इतिहासाच्या एम. ए. स नाव घातले होते आणि मराठ्यांचा राज्यकारभार हा विषय आपणहून निवडला होता. त्या विषयाचे जे एक मुख्य पुस्तक, ते मराठीत, फार जुने, पुसट छपाईचे. यंत्राने वाचू जाता यंत्र भलतेच बरळे. सबब संक्रांतीपासून मृणालबाई रोज दफ्तरातून येऊन ते पुस्तक मोठ्याने वाचीत आणि सावनी ते फोनात भरून घेई. आणि हे एकटीसाठी नव्हे. झाशी, ग्वाल्हेर, इंदूर आणि सागर या चार ठिकाणी चार मुली होत्या, चौघीही दृष्टिहीन, चौघींची तीच परीक्षा. सावनीने त्यांस कधी भेटून पाहिले नव्हते. फोनवरूनच पाचजणींची जूट झाली होती. फाल्गुनात पुस्तक निम्मे होते न होते तो मृणालबाईंचा घसा बसला, स्वरयंत्रावर गाठ आली, आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितले की सहा आठवडे एक शब्द बोलावयाचा नाही, बोललात तर आवाज कायमचा जाईल. परीक्षा चैत्र वद्य द्वितीयेस, सोमवारी. उरलेली प्रकरणे अकरा.

हे वर्तमान समाजाच्या बैठकीत कळताच रमाकांतरावांनी ती अकरा आपल्या आवाजात वाचून भरून देण्याचा विडा उचलला. उचलताना भाषणही केले. मग त्यांनी शयनगृहात मोर्चे बांधले, मार्चच्या उकाड्यात पंखा बंद केला, खिडक्यांस गाद्या लावल्या, आणि पत्नी सुनीतीबाईंस फर्मान सोडले की सायंकाळी चार ते सहा या वेळात घरात भांडे वाजता कामा नये. सुनीतीबाईंनी हे आठ दिवस सोसले आणि नवव्या दिवशी राजमा शिजत घातला. सबब अकरांतील सहाव्या प्रकरणात चौथाईच्या हिशेबामागून कुकरची शिटी होते आणि तिच्यामागून रमाकांतरावांचा "अगं!" ऐसा उद्गार ऐकू येतो. तो त्यांनी काढून टाकिला नाही, कारण तो कसा काढावा हे त्यांस ठाऊक नव्हते.

असो. अकरा प्रकरणे, साडेनऊ तासांचे वाचन, तयार जाहले. चैत्र शुद्ध त्रयोदशीस, गुरुवारी, महावीर जयंतीची सुटी होती. त्या दिवशी सकाळी स्नान करून रमाकांतराव संगणकापुढे बसले. प्रथम त्यांनी प्रकरणे ईमेलने रवाना करू पाहिली. ईमेलने एवढे ओझे उचलण्यास साफ नकार दिला. मग त्यांनी मेघाचा आश्रय केला. मेघ म्हणजे परमुलखातील कंपन्यांची मोठमोठी कोठारे. नाव आभाळाचे, परंतु असतात जमिनीवरच. तेथे आपला माल ठेवावा, आणि कोठारवाला प्रत्येक नगास एक दस्तक देतो, त्यास लिंक म्हणतात. ते दस्तक ज्यास धाडावे त्यास माल मिळावा, ऐसा बोभाटा आहे. रमाकांतरावांनी अकरा नग चढविले, अकरा लिंका घेतल्या, पाचही मुलींस ईमेल केली, आणि चहाचा पेला घेऊन व्हरांड्यात आभाराची वाट पाहत बसले.

आभार आले नाहीत. सावनीचा फोन आला.

"काका, नहीं खुल रहा."

"खुल रहा है. म्हणजे, उघडतंय. माझ्याकडे उघडतंय."

"इथे एक पान येतं. फोन ते वाचतो. बटन, बटन, अनलेबल्ड बटन. मग वरून एक डबा उघडतो, साइन अप करो, साइन अप करो. तो बंदच होत नाही. फाइल किधर है, पता ही नहीं चलता."

"अगं, उजव्या बाजूला वर बाण आहे बघ. खाली तोंड केलेला. चांगला दिसतोय."



"असेल काका," सावनी म्हणाली. "माझा फोन त्याला बाण म्हणत नाही. त्याला तो नाव नसलेलं बटन म्हणतो. अशी नऊ आहेत."

सुज्ञ मनुष्य येथे थांबून विचार करता. रमाकांतराव विचार करणारांपैकी नव्हते, ते कृती करणारांपैकी होते. त्यांनी संगणकावर जाऊन लिंक पुन्हा उघडली, ती उघडली. त्यांच्याकडे उघडतच होती, कारण कोठार त्यांचे, कुलूप त्यांचे आणि ते आतच बसले होते. परंतु हे त्यांच्या ध्यानी आले नाही. त्यांनी निष्कर्ष काढिला की दोष सावनीच्या फोनाचा आहे. मग झाशीकरणीचा फोन आला, तीच कथा. तेव्हा दोष झाशीच्या इंटरनेटचा ठरला. मग ग्वाल्हेरहून, इंदुराहून आणि सागरहून तेच वर्तमान आले, तेव्हा दोष सगळ्या मध्य प्रदेशाचा ठरला. मग त्यांनी त्याच अकरा लिंका दुसऱ्यांदा धाडिल्या. मग तिसऱ्यांदा धाडिल्या, आणि या खेपेस ठळक अक्षरांत, तांबड्या रंगात. पाच अंध मुलींस, तांबड्या रंगात.

सुनीतीबाई भाजी चिरीत होत्या. त्यांनी इतकेच विचारले की त्याच लिंका पुन्हा का पाठवता. त्यावर रमाकांतरावांनी, हा तांत्रिक भाग आहे, ऐसे सांगितले.

दुपार कलली आणि शिकस्त होणार ऐसे दिसू लागले, तेव्हा रमाकांतरावांनी जे सहा वर्षांत केले नव्हते ते केले. त्यांनी चारुदत्त टिल्लू यांस फोन केला. टिल्लू हे गणिताचे निवृत्त प्राध्यापक, समाजाचे चिटणीस. आणि सहा वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात प्रास्ताविक कोणी करावे यावरून या दोघांत वैर पडले होते. दोघांनीही त्या दिवशी एकाच वेळी माईक धरून भाषण केले होते, आणि पुढे समोरासमोर आले असता एकमेकांशी हिंदीतून बोलत. परंतु संकटात शत्रूही कुमक करतो, आणि त्यात शत्रूची फजिती पाहावयाची संधी असेल तर तो विशेष त्वरेने येतो. टिल्लूंची स्वारी ऑटो करून तासाभरात दाखल जाहली.

त्यांनी आपल्या टॅबलेटवर लिंक उघडली. पान आले, आणि त्यावर डबा आला, साइन अप करा म्हणून.

"कुठे आहे तुमची फाइल?" टिल्लूंनी विचारले.

"तुमचा टॅबलेट जुना आहे."

"दोन महिन्यांचा आहे."

"मग नवीन असल्यामुळे होत असेल."

ऐसी मसलत दोन घटका चालली. अखेर टिल्लूंनी, आपण गणिती आहो याचे भान ठेवून, उपाय काढिला तो असा की कोठारवाला खाते मागतो आहे ना, तर पाचही मुलींनी खाती उघडावी. हा उपाय रमाकांतरावांस तात्काळ पटला, कारण यात त्यांनी स्वतः काही करावयाचे नव्हते. लगोलग दोघांच्या सहीने हुकूम सुटला की समस्तांनी आज सायंकाळचे आत मेघात आपापले खाते उघडून माल ताब्यात घ्यावा. मग दोघा सरदारांनी वैर विसरून उपमा खाल्ला.

त्या हुकुमाने पाचही ठाण्यांवर काय अनर्थ जाहला तो ऐका. खाते उघडू जाता कोठारवाल्याचे पहिले म्हणणे ऐसे की तुम्ही यंत्र नसून मनुष्य आहा याचा पुरावा द्या. पुरावा कोणता, तर एका चित्रात वाकडीतिकडी अक्षरे काढिली आहेत, ती पाहून वाचावी. ज्यास ती दिसतील तो मनुष्य. न दिसणारांसाठी ऐकावयाची सोय ठेविली होती. ती लावता कोणी विहिरीत पडून आकडे ओरडतो आहे आणि काठावर वरात चालली आहे ऐसा गलबला कानी येई. सागरकरणीने तो सोळा वेळ ऐकिला. झाशीकरणीने दहा वेळ ऐकून फोन उशीवर आपटला. इंदूरकरीण मात्र चिवट, तिने कसेबसे आकडे पकडून खाते उघडिले आणि विजयी होऊन आत शिरली, तो कोठार रिकामे. कारण ते तिचे स्वतःचे कोठार होते. रमाकांतरावांचा माल रमाकांतरावांच्याच कोठारात, होता तेथे होता.

सायंकाळी साडेसहास सावनीचा पुन्हा फोन आला. या खेपेस तिचा आवाज शांत होता, आणि तो शांतपणा रमाकांतरावांस तक्रारीहून जड गेला.

"काका, त्या पानानं मला विचारलं, मी माणूस आहे का. चित्र बघून सांगायचं होतं."

रमाकांतरावांनी फोन या कानावरून त्या कानास लाविला.

"रहने दीजिए. तुम्ही फार केलंत. आई आता स्वतःच पुस्तक घेऊन बसलीय. मी नको म्हटलं, ऐकत नाही. तीन प्रकरणं तरी वाचते, असं खूण करून सांगितलं."

"अगं पण तिला बोलायचं नाहीये ना!"

"हाँ," सावनी म्हणाली. "पता है."

फोन ठेवून रमाकांतराव पलंगावर बसले. टिल्लू तेव्हाच निघून गेले होते. सात प्रिंटर काबीज करणारा हा पुरुष, ज्याच्या आवाजाची समाजात तारीफ होई, तो आपला आवाज साडेनऊ तास कोठारात कोंडून बसला होता आणि तिकडे एक बाई आपला उरलासुरला आवाज खर्ची घालावयास निघाली होती. पंचवीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी पुष्कळ बोल लाविले होते. परंतु त्यांतला एकही ऐसा लागला नव्हता.

मग सुनीतीबाई आत आल्या. "मृणालला मी फोन केलाय," त्या म्हणाल्या. "आज वाचू नको, उद्या सकाळी आमच्याकडचं पोचतंय, असं सांगितलं. तिनं फोनवर दोनदा टकटक केलं, म्हणजे हो. आता तुम्ही ते सगळं पेनड्राइव्हवर घ्या आणि सकाळी जा."

"पेनड्राइव्ह हा काही उपाय नव्हे, ते फार जुनं—"

"जा म्हटलं ना."

हा हुकूम या मोहिमेतील पहिला शहाणा हुकूम होय.

दुसरे दिवशी, चतुर्दशीस, शुक्रवारी, सकाळी नऊ वाजता खासा स्वारी मोटारीत बसून मानक नगराहून कूच करती जाहली. आलमबागेत मेट्रोचे खोदकाम चालले होते. सडकेच्या मध्यभागी पत्र्यांचा तट उभा केला होता आणि दोन्ही अंगांनी टेंपो, ई-रिक्षा आणि म्हशी यांची फौज अडकली होती. तेथे पाऊण तास गेला. चारबागेस एका ई-रिक्षावाल्याने आरसा मोडिला आणि वर "भाईसाहब, ज़रा तहज़ीब से" ऐसे यांनाच सुनावले. एरवी रमाकांतराव उतरून वाद घालते. आज त्यांनी आरसा सडकेवर तसाच सोडिला आणि पुढे मजल मारिली. हज़रतगंज मागे टाकून, गोमतीचा पूल उतरून, अकराच्या सुमारास स्वारी निशातगंजात सब्जीवाल्यांच्या गाड्यांमागे दाखल जाहली.

मृणालबाईंनी दार उघडिले. हातात पुस्तक होते. रमाकांतरावांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतले आणि पेनड्राइव्ह दिला. मृणालबाईंनी छातीवर हात ठेवून मान लवविली.

सावनीने पेनड्राइव्ह संगणकास लाविला, अकराही नग उतरवून घेतले, एकाची सुरुवात ऐकून ठीक आहे म्हणाली. रमाकांतरावांस वाटले, फत्ते जाहली. ते उठावयास लागले.

"आणि बाकीच्या चौघी?" सावनीने विचारले.

"तू तर सुरू कर. त्यांचं बघू आपण."

"मी सुरू करते काका. पण दुपारी झाशीचा फोन येईल, मिळालं का म्हणून. तिला काय सांगू? मेरे घर तक गाड़ी आती है, तेरे घर तक नहीं?"

रमाकांतराव पुन्हा बसले. त्यांनी सवयीने तोंड उघडिले आणि सवयीने तेच शब्द आले. "पण माझ्याकडे तर उघड—"

"आता माझ्याकडे उघडून बघा," सावनी म्हणाली आणि तिने आपली खुर्ची त्यांस दिली.

तेव्हा रमाकांतरावांनी दोन दिवसांत प्रथमच ती लिंक परक्या संगणकावर उघडिली. पान आले. डबा येऊन मध्यभागी बसला. त्यांनी डबा घालविण्याची फुली शोधिली, ती कोपऱ्यात, करड्यावर करडी. ती दाबिली. मग बाण शोधू लागले. उजवीकडे वर असतो ऐसे त्यांनीच सांगितले होते, तेथे नव्हता. त्यांच्या घरी तो तेथे होता, कारण घरी ते मालक होते. येथे ते वाटसरू होते, आणि वाटसरूस बाण खालच्या अंगास, तीन ठिपक्यांच्या आड, लपवून ठेविला होता. धडधाकट दृष्टीचा, जवळचा चष्मा लाविलेला मनुष्य, त्यास तो सापडावयास पुरी दोन मिनिटे लागली.

"हे असं दिसतं होय," ते हळू म्हणाले.

"दिसतं कसं ते तुम्हाला ठाऊक. ऐकू असं येतं." सावनीने फोन पुढे धरिला आणि पानावरून बोट फिरविले. बटन. बटन. अनलेबल्ड बटन. साइन अप. अनलेबल्ड बटन. साइन अप. फोनाचा आवाज एकसुरी, न थकणारा. रमाकांतरावांनी तो सर्व ऐकून घेतला. मध्येच थांबव म्हणावेसे त्यांस वाटले, परंतु ते म्हणाले नाहीत.

"सॉरी," ते म्हणाले. "मी काल तुला बघ म्हणालो."

"ते सगळेच म्हणतात काका. मी पण म्हणते, बघू या म्हणून. त्याचं काही नाही. पण तीन वेळा तीच लिंक पाठवलीत, त्याचा राग आला. मी प्रत्येक वेळी पूर्ण ऐकली ना. अक्षर अक्षर."

"अक्षर अक्षर?"

"लिंक बदललीय का ते कसं कळणार? म्हणून फोनला एकेक अक्षर वाचायला लावलं. तीनही वेळा शेवट तोच." आणि तिने ते ऐकविले. लांबलचक अक्षरांची माळ गेली, मग प्रकरणाचे नाव गेले, आणि मग फोन म्हणाला: क्वेश्चन मार्क, डी, एल, इक्वल्स, झीरो.

"काका, ये डीएल क्या होता है?"

"ड्रायव्हिंग लायसन्स," रमाकांतराव म्हणाले.

मृणालबाईंनी कपाळास हात लाविला.

सावनीची बोटे टेबलाच्या कडेवर हळूहळू वाजत होती. "डाउनलोड तर नसेल?" ती म्हणाली. "डी, एल. डाउनलोड. डाउनलोड इक्वल्स झीरो. तुम्ही लोक इंजिनियरिंगमध्ये झीरो म्हणजे काय धरता?"

हा प्रश्न ज्यास विचारिला तो पंचवीस वर्षे विजेच्या कळांत आणि मापनयंत्रांत वावरला होता. आजवर त्याने किती नवख्या इंजिनियरांस फळ्यावर शून्य आणि एक काढून धडा दिला असेल त्याची गणती नाही.

"बंद," रमाकांतराव म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "झीरो म्हणजे बंद."

"मग एक करा ना."

"असं कधी असतं का! असं असतं तर त्यांनी कुठेतरी लिहून ठेवलं असतं."

येथे नमूद करणे प्राप्त आहे की त्यांनी ते लिहून ठेविले होते. कोठारवाल्याच्या मदतीच्या पानावर, साध्या इंग्रजीत, दोन ओळींत. ते पान रमाकांतरावांनी वाचिले नव्हते, आणि गणिताचे प्राध्यापक चारुदत्त टिल्लू यांनीही वाचिले नव्हते, कारण मदतीचे पान मदत लागणारांसाठी असते.

"करके तो देखिए," सावनी म्हणाली. बघू या म्हणाली नाही, परंतु अर्थ तोच.

मग रमाकांतरावांनी लिंकेच्या शेवटी माऊस नेऊन टिचकी मारिली, शून्य खोडिले, त्या जागी एक लिहिला, आणि एंटरवर बोट ठेविले. पान आले नाही. डबा आला नाही. बटन आले नाही, नाव असलेले नाही की नसलेले नाही. खालच्या पट्टीत अकरांतले पहिले प्रकरण मुकाट्याने उतरू लागले आणि पुरे उतरले.

सावनीने तीच लिंक आपल्या फोनावर मागितली. एकदा स्पर्श केला. फोन म्हणाला, "डाउनलोड कम्प्लीट."

मृणालबाईंनी टाळी वाजविली. बोलावयाचे नव्हते, सबब त्यांनी सहा सात टाळ्या वाजविल्या.

मग अकराही लिंकांचे शून्य खोडून एक करण्यात आले. सावनी एकेक लिंकेचे शेपूट फोनाकडून वदवून घेई आणि "सही" म्हणे, आणि मग रमाकांतराव पुढची धरीत. आठव्या लिंकेत त्यांनी एकाऐवजी इंग्रजी एल लिहिला; डोळ्यांस दोन्ही सारखेच, परंतु तिच्या फोनाने "एल" म्हटले आणि तिने तो पकडिला. साडेबारास सर्व लिंका रवाना जाहल्या. ग्वाल्हेरचा फोन पाचव्या मिनिटास आला, "दीदी, आ गया, एक ही बार छुआ बस." मग इंदुराहून आला. सागरकरीण फोनवर नुसती हसत राहिली. झाशीस वीज गेली होती. तेथील वर्तमान दुपारी तीनला आले, आणि तोवर रमाकांतराव घरी गेले नाहीत. मृणालबाईंनी केलेले थालीपीठ खाऊन तेथेच बसून राहिले.

निघताना त्यांनी सावनीस विचारिले की आपले वाचन कसे वाटते, जरा ऐकव. तिने ऐकविले. फोनातून एक बारीक, घाईचा, खारीसारखा आवाज सरदेशमुखीविषयी भराभरा बोलत गेला.

"हे कोण?"

"तुम्ही. दुप्पट वेगानं. दोन दिवस गेले ना, साडेनऊ तास कोण ऐकेल?"

"आणि कळतं?"

"एकदम साफ. काका, आप अच्छा पढ़ते हैं. बस, धीरे पढ़ते हैं."

ज्या वाचनासाठी उन्हाळ्यात पंखा बंद केला, ज्यात प्रत्येक स्वल्पविरामास श्वास घेतला, त्या वाचनाची ही गत. रमाकांतरावांनी ते आणखी एक मिनिट ऐकिले आणि, येथे लेखकासही नवल वाटते, ते हसले.

सोमवारी पाच शहरांत पाच जणींनी परीक्षा दिली. आषाढात निकाल लागला. सावनी पहिल्या वर्गात आली. झाशी, ग्वाल्हेर आणि इंदूर येथील तिघी उत्तीर्ण जाहल्या. सागरकरीण या विषयात तरली परंतु दुसऱ्या एका विषयात राहिली आणि पुढील साली बसली. मृणालबाईंचा आवाज ज्येष्ठाच्या अखेरीस परत आला, पूर्वीहून थोडा जाड.

निकालानंतर गोमतीतीर मराठी समाजाची बैठक जाहली. तीत ठराव आला की ही मोहीम समाजाच्या इतिवृत्तात कायम नोंदावी आणि मजकूर रमाकांतरावांनी लिहावा. त्यांनी आठ दिवसांत चार पाने लिहिली. त्यांत मेघ काय असतो, त्यांचा संगणक कोणता, आलमबागेची वाट कैसी बिकट, हे सर्व होते. ती घेऊन ते बैठकीस गेले, वही पुढे आली, पेन हाती घेतले, आणि चार पाने खिशातून काढिलीच नाहीत. तेथेच उभ्याने काही ओळी लिहून वही टिल्लूंकडे सही करावयास सरकविली. टिल्लूंनी वाचून विचारिले की यात माझे नाव कोठे आहे. रमाकांतराव म्हणाले, "खाती उघडण्याच्या हुकमाखाली होतं. तो हुकूम लिहायचा का?" टिल्लूंनी सही केली.

तो मजकूर वहीतून जसाचा तसा उतरवून घेतला तो ऐसा:

"चैत्र शुद्ध चतुर्दशी, शुक्रवार, निशातगंज मुक्कामी सावनी वैशंपायन यांनी शून्याचा एक केला. अकरा प्रकरणे झाशी, ग्वाल्हेर, इंदूर व सागर येथे त्याच दिवशी पोहोचली. त्या वेळी रमाकांत जामदार हजर होते व त्यांनी माऊस धरिला होता."

येणेप्रमाणे फत्ते जाहली ती वहीत दाखल असे.